चौथ्या चाकावरचा चुना

गणपत,

परवा वणा नदीच्या काठावर तुझी चिता पेटली आणि लोक थोडे मागे सरकून दगडांवर बसले. मीही बसलो. कापसाच्या जिनातला एक फिटर म्हणाला, "हात लय साफ होता गनपतचा." त्याच्या शेजारचा म्हणाला, "होता ना. पन ते चाक राह्यलंच त्याच्या हातून. भय्याजीचा पाय गेला बिचाऱ्याचा." तिसरा तंबाखू मळत म्हणाला, "असते बाप्पा, मानूस हाय."

मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. एक वाक्य बोलायचं होतं मला. मी रुमाल काढून धूर गेल्यासारखे डोळे पुसले आणि गप्प राहिलो. तू जळत असतानासुद्धा.

ते चाक तुझ्या हातून राहिलं नव्हतं, गणपत. मला ते ठाऊक होतं, आणि फक्त मलाच ठाऊक होतं. ज्या गावात तू त्या चाकाचा डाग घेऊन जगलास, त्याच गावात तुझ्यापासून दोन गल्ल्या सोडून मी रोज सकाळी मुलांना गणितं शिकवत होतो.

तुझ्याशी असं कागदावर बोलायची सवय नाही. तुला वाचायला वेळ लागायचा आणि माझं अक्षर बारीक. "मास्तर, मुंग्या पाठवल्या का कागदावर?" असं एकदा म्हणाला होतास. तेव्हा सावकाश लिहितो.

आपली सुरुवात कशी झाली ते आता या गावात मला आणि भय्याजींना सोडून कुणाला नीट ठाऊक नाही. हिंगणघाटच्या जिनाच्या मालकाचा धाकटा मुलगा, म्हणजे भय्याजी, नागपूरहून एक जुनी विलायती मोटार घेऊन आला आणि म्हणाला, आपण शर्यतीत उतरायचं. लढाईच्या वेळच्या विमानांच्या धावपट्ट्या ओस पडल्या होत्या. मद्रासकडे, कलकत्त्याकडे, मुंबईकडे त्यांच्यावर मोटारींच्या शर्यती व्हायला लागल्या होत्या. घरच्या वापराच्या, चार दारांच्या गाड्यांचा त्यात वेगळा गट असे. भय्याजींना गाडी चालवता येत होती. तू जिनाचं इंजिन सांभाळत होतास. आणि मला का घेतलं? तर शाळेच्या खेळांत वेळ मोजायचं घड्याळ माझ्याकडे असायचं. तूच येऊन हायस्कूलच्या फाटकाशी उभा राहिलास. "मास्तर, भय्याजीनं बोलावलं हाय. घड्याय घेऊन याजो."

गाडीची दोन दारं दुसऱ्याच गाडीची होती, दुसऱ्याच रंगाची. तू तिला कबरी म्हणालास आणि तेच नाव राहिलं. भय्याजींचे वडील ओट्यावरून ओरडायचे, "कापसाच्या दिवसांत हे काय खूळ!" आणि तू नम्रपणे सांगायचास, "बाबूजी, इंजिन तपासून राह्यलो." ते खोटंही नव्हतं.

पहिल्या शर्यतीला आपण कबरीतच बसून गेलो. तिच्या डोक्यावर वळकट्या, डबे, दोन जादा चाकं. तिथे पोचल्यावर मागची बैठक काढून बाभळीखाली ठेवायची, म्हणजे गाडी हलकी व्हायची आणि तुझी-माझी बसायची सोय व्हायची. दुसऱ्या संघांचे लोक खुर्च्यांवर बसायचे, छत्र्या लावून. आपण गवतावर, कबरीच्या बैठकीवर, मांडीत शिदोरी. सात गाड्या होत्या आणि आपण सातवे आलो. भय्याजी खाली उतरून कुणाशी बोलेनात. तू त्यांना पाणी दिलंस आणि मला म्हणालास, "आठवी गाडी असती तं आपन आठवे आलो असतो, मास्तर. बरं झालं सातच होत्या." भय्याजींना हसू आवरलं नाही. त्या दिवशी आपला संघ झाला, असं मी मानतो.

दुसऱ्या खेपेला कबरी निम्म्यातच उकळली. तू समोरची जाळी उघडलीस तर आत कापसाची तूस दाबून बसलेली. जिनाच्या आवारात उभी राहणारी गाडी, दुसरं काय होणार! मद्रासकडचा एक मेकॅनिक कुतूहलानं बघायला आला. तू मूठभर तूस त्याच्या हातावर ठेवलीस आणि त्याला कळो न कळो, मराठीतच सांगितलंस, "घ्या. हिंगनघाटचा माल हाय, लांब धाग्याचा." तेव्हापासून निघायच्या आधी जाळी धुणं हे माझं काम झालं. तू मला काम देताना कधी शिकवल्यासारखं केलं नाहीस. नुसतं म्हणायचास, "एवढं तुमच्याकडे."

मग पाचवे, मग तिसरे. त्या तिसऱ्या क्रमांकावरून तुझं-माझं भांडण झालं ते अखेरपर्यंत मिटलं नाही. मी वहीत पेन्सिलीनं फेऱ्यांच्या रेघा मारायचो. तू एका खिशातले चिंचोके एकेक करून दुसऱ्या खिशात टाकायचास. शर्यत संपल्यावर तुझा एक चिंचोका माझ्या रेघांपेक्षा जास्त निघाला. तुझ्या हिशेबानं आपण दुसरे होतो. पंचांनी आपली वही मागितली, मी ती दिली आणि आपण तिसरे ठरलो. तू म्हणालास, "मास्तर, चिंचोका आपोआप उडी मारत नाई." मी म्हणालो, "आणि रेघ आपोआप पुसली जात नाही." भय्याजी म्हणाले, "दोघंही गप बसा, तिसरे तं तिसरे." पण परतीच्या वाटेवर, जाम गावच्या तिठ्यावर चहा पिताना तू पुन्हा तोच विषय काढलास. पुढे तिथला चहावालाही विचारायचा, "काय गा, चिंचोका का रेघ?"

आज सांगतो. त्या दुपारी मी एकदा मागे वळून फिरकीच्या तांब्यातून पाणी प्यालो होतो. तेवढ्यात एक फेरी गेली असेल. तुझ्यासमोर मी ते कबूल केलं नाही, कारण मी गणिताचा मास्तर होतो आणि तू चिंचोके मोजणारा. एवढी लहान गोष्टही मला तोंडातून काढता आली नाही. मोठी कशी निघणार होती?

आता तुझ्या चुन्याबद्दल. हे वाचणाऱ्यांना माहीत नसेल, म्हणून लिहायला हवं.

तू चाकाचे नट आवळलेस की तंबाखूच्या डबीतला चुना अंगठ्यावर घ्यायचास आणि प्रत्येक नटावरून चाकापर्यंत एक रेघ ओढायचास. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसे. दुरूनही दिसे. पण त्याहून मोठा अर्थ आपल्या तिघांत ठरलेला होता. चुना लागला म्हणजे ते चाक झालं. त्याला पुन्हा हात लावायचा नाही, विचारायचं नाही. चार चाकांना चुना दिसला की भय्याजी दार ओढून घ्यायचे. तुझा नियम एकच होता. "जो कसन, तोच चुना लावन. दुसऱ्यानं नाई." एकदा मी हौसेनं डबी हातात घेतली तर तू हसत काढून घेतलीस. "मास्तर, तुमचा खडू. माहा चुना."

चौथ्या हिवाळ्यात आपण दोनदा दुसरे आलो आणि एकदा पहिले. पहिल्या नंबराच्या दिवशी तू टाळ्या वाजवल्या नाहीस. कबरीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलास, आणि इंजिन थंड होईपर्यंत तो काढला नाहीस. मी विचारलं, "भाजत नाही का?" तू म्हणालास, "भाजते ना."

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला तो हाच हिवाळा, आणि ही त्यातली शेवटची शर्यत. गाड्या रांगेत लागायला थोडा वेळ उरला होता आणि कबरीच्या मागच्या डाव्या टायरला चीर दिसली. तू चाक बदललंस. नट बोटांनी फिरवून बसवलेस. पाना घ्यायला वळलास आणि तेवढ्यात पुढून भय्याजींनी हाक मारली, "गनपत! हे पाह्य, पेट्रोल गळून राह्यलं का?" तू पाना आणि डबी मडगार्डवर ठेवलीस आणि पुढे गेलास. जाताना मला म्हणालास, "आलोच."

मी "आलोच" ऐकलं होतं. हे मी ही तीन वर्षं स्वतःलाही नीट सांगितलं नाही. ऐकलं होतं.

झेंडेवाला आपल्याकडे हात हलवून ओरडत होता. बाकीच्या गाड्या रांगेकडे निघाल्या होत्या. जॅक मीच खाली घेतला. तीन चाकांवर पांढऱ्या रेघा होत्या, चौथ्यावर नव्हत्या. नट जागेवर बसलेले दिसत होते. मला वाटलं, आवळून झालेत, चुना तेवढा राहिलाय. चुना दिसला नाही तर भय्याजी गाडी हलवणार नाहीत आणि आपली जागा जाईल. मी डबी उचलली, बोट बुडवलं आणि पाच रेघा ओढल्या. तुझ्यासारख्याच. शिक्षकाचा हात, रेघ चांगली येते.

तू पुढून धावत आलास, चाकाकडे पाहिलंस, चुना दिसला. क्षणभर थांबलास. ते थांबणं मी पाहिलं. मग पाना आणि डबी उचललीस आणि भय्याजींना म्हणालास, "चाला!"

सहाव्या फेरीत चाक निघालं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. कबरी आडवी झाली, भय्याजींचा डावा पाय गुडघ्याखाली चिरडला. तिथल्या साहेबांनी विचारलं, चाक कुणी बसवलं? निखळलेलं चाक गवतात पडलं होतं. सगळे नट गेले होते, पण चाकाच्या बाजूचा चुना अजून दिसत होता. तू त्याच्याकडे पाहत म्हणालास, "चुना माह्या डबीतला होय. चूक माही." त्यांनी मला विचारलं, तुम्ही कुठे होता? मी घड्याळ दाखवलं. म्हणालो, मी वेळ घेत होतो.

भय्याजींनी तुला एका शब्दानं दोष दिला नाही. पण काठी घेऊन हिंडू-फिरू लागल्यावर त्यांनी घरची गाडी दुरुस्तीला नागपूरला पाठवायला सुरुवात केली. ते पाहून गावातल्या बाकी मोटारवाल्यांनीही तेच केलं. तू जिनातलं काम सोडलंस, सायकलला पिशवी अडकवलीस आणि समुद्रपूरकडच्या खेड्यांतून विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करत फिरू लागलास. विहिरीवरच्या इंजिनाखाली कुणाचा पाय येत नाही, असं कुणीतरी पानाच्या ठेल्यावर म्हणालं. मी तिथेच पान खात होतो.

तू मला टाळलं नाहीस. मी टाळलं. "मास्तर, याना चहाले," तू रस्त्यातून हाक मारायचास आणि माझ्याकडे तपासायच्या वह्या असायच्या. वर्षभर वह्या असायच्या. तू सायकल थांबवून, एक पाय जमिनीवर टेकवून माझ्याकडे पाहायचास आणि म्हणायचास, "बरं. मंग कवा तरी." तुझ्याशी बोलणं बंद केल्यावर मला कळलं की मला बोलायला दुसरं कुणी नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत कबरीबद्दल काय बोलायचं? ते म्हणायचे, श्रीमंतांची मौज. त्यात मी चार हिवाळे किती जिवंत होतो हे तुझ्यावाचून कुणाला माहीत होतं?

एकदाच बसलो आपण. मागच्या पोळ्याच्या आसपास, जामच्या तिठ्यावर. बस चुकली म्हणून मी अडकलो होतो आणि तू समोरून आलास. चहा आला. तू बशीत ओतलास आणि फुंकर न घालता नुसता पाहत राहिलास.

"मास्तर, एक इचारू?"

"विचार ना."

"त्या दिवशी तुमी चाकापाशीच होते ना? मी ते कसलं का नाई, तुमी पाह्यलं होतं का?"

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. म्हणालो, "लक्ष नव्हतं माझं, गणपत."

"नाई, म्हनलं, पाह्यलं असन तं." मग तू चहा प्यालास. "थंडा झाला," म्हणालास, आणि उठलास.

घरी येऊन मी ठरवलं की तुला सगळं माहीत आहे. तू माझ्या रेघा ओळखल्या असशील. तुझ्या अंगठ्याच्या रेघा जाड, माझ्या बारीक. तू मला बोलायची संधी देत होतास, आणि मी ती घेतली नाही म्हणून मला माफ करून निघून गेलास. असं मी ठरवलं. त्यावर मला झोप येऊ लागली. माफ करणारा माणूस समोर असला की कबुलीची घाई वाटत नाही. तू गेल्याचं कळलं तेव्हाही माझ्या मनात आधी हेच आलं, की निदान त्याला माहीत होतं.

घाटावरून परतल्यावर मला घरात बसवेना. काल सकाळी मी भय्याजींकडे गेलो. आधी तुझ्या घरी जायला हवं होतं, पण ते सोपं नव्हतं, म्हणून तिकडे गेलो. ते ओट्यावर काठी आडवी ठेवून बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. चुना, बोट, पाच रेघा, आलोच.  संपल्यावर त्यांनी काठी उचलून उभी धरली.

"तीन साल मी माही गाडी नागपूरले पाठवून राह्यलो, मास्तर," ते म्हणाले. "तो रस्त्यात नमस्कार करे. मी काच वर करून घेत होतो."

"चूक माझी आहे, भय्याजी."

"हो, तुमचीच हाय," ते म्हणाले. "पन मले काऊन सांगता? मी शिव्या देईन आन् तुमी मोकळे व्हाल. जा. तिच्याकडे जा पह्यले."

तुझ्या घरी काशीवहिनी अंगणात होत्या. शेजारच्या बायका बसलेल्या होत्या. मला पाहून त्यांनी पदर सारखा केला आणि एकीला पाट आणायला सांगितलं. मी पाटावर बसलो नाही. मी म्हणालो, "वहिनी, सगळ्यांसमोरच बोलतो." आणि बोललो. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. वहिनींचे डोळे कोरडेच राहिले. त्या ओरडल्याही नाहीत.

"म्हंजे त्यायनं चुना लावलाच नोता?"

"नाही. मी लावला."

"आन् कसाचं राह्यलं ते तुमी चुना लावला म्हनून राह्यलं."

"हो."

मी म्हणालो, "वहिनी, मला वाटायचं गणपतला हे माहीत आहे. त्यानं मला एकदा विचारलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"त्यायले काई मालूम नोतं, मास्तर," त्या म्हणाल्या. "मालूम असतं तं असे जगले असते का? तीन साल कोनतंही नट कसलं का मले हाक मारत. 'काशे, पाह्य व, घट्ट हाय का?' मले का समजते त्यातलं? मी हात लावून म्हनो, हाय. मंग म्हनत, 'पुन्हा पाह्य.' सायकलचं चाक असो का लोकायचं इंजिन असो. एकदा तिकडे खेड्यात काम करून आले, जेवाले बसले आन् उठून गेले परत, सात कोस, नट पाहाले. म्हनत, 'मी कसल्याबिगर चुना कसा लावला असन, काशे? माह्या डोक्यात काई फरक पडला का?' तुमाले इचारलं असन तं खरंच इचारलं. त्यायले दुसरं कोन सांगनार होतं?"

शेजारची एक म्हातारी म्हणाली, "जाऊ दे बाई, आता का त्याचं."

वहिनी म्हणाल्या, "मले सांगून का होते? मी तं त्यायले कवाच म्हनलं नाई का तुमी चुकले म्हनून. त्यायले सांगाचं होतं." आणि उठून आत गेल्या.

गणपत, मी हे छापायला देतो आहे. घाटावर जे बोलले, पानाच्या ठेल्यावर जे बोलतात, ज्यांनी गाड्या नागपूरला नेल्या, त्यांनी वाचावं म्हणून. भय्याजींनी त्यांच्या जिनात हे वाचून दाखवायचं कबूल केलं आहे. त्यानं तुझं नाव कदाचित धुतलं जाईल. पण मला कळतं, की तुला त्याची गरज नव्हती. लोकांनी काय म्हणावं याचं तुला फारसं कधी पडलं नव्हतं. तुला तुझ्या स्वतःच्या हाताबद्दल एक उत्तर हवं होतं. बशीतला चहा निवेपर्यंत तू त्यासाठी थांबलास, ज्याला ते ठाऊक होतं त्याच्या समोर.

तुझ्या डोक्यात काही फरक पडला नव्हता, गणपत. तू चुना लावला नव्हतास. तू काही विसरला नव्हतास. तू परत येऊन ते चाक आवळणार होतास.